नवख्यांसाठी निवडलेली वाट

सायकल कुणीही चालवतं. दुकानापर्यंत माझी म्हातारी सासूसुद्धा चालवायची. डोंगरावरून सायकल खाली आणणं वेगळं, आणि ज्याने जन्मात कधी डोंगर उतरला नाही अशा नवख्याला वाट निवडून देणं त्याहून वेगळं. आमचा धंदाच तो आहे. खाण बंद पडल्यावर आमच्या कोक-साय गावात दोनच गोष्टी उरल्या, उतार आणि दारुडे. दारुड्यांचं काही होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी आणि माझ्या नवऱ्याने उतारांचं काहीतरी करायचं ठरवलं.

माझा नवरा तेमिर. वाटा तो निवडतो, सायकली मी दुरुस्त करते, भांडण दोघं मिळून करतो. वाटा निवडण्यात तो हुशार आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलणार नाही. रुंदी बघतो, माती बघतो, उतार बघतो, पण सगळ्यांत जास्त बघतो तो वाटेचा शेवट. नवखा माणूस घाबरला की ब्रेक विसरतो. मग वाट संपते तिथे समोर चढ पाहिजे. माणसाने नाही थांबवली तर चढ थांबवतो सायकल.

त्या दिवशी तीन पोलिश पाहुणे होते. मारेक, त्याची बायको कासिया आणि त्याचा धाकटा भाऊ तोमेक. तिघेही चांगले, हसरे, आणि सायकलच्या बाबतीत तिघेही शुद्ध दगड. ते अंगणात हेल्मेटचे पट्टे उलटे बांधत होते आणि आत स्वयंपाकघरात आमचं जुंपलं होतं.

"पाठव त्यांना काराकोलला परत," मी म्हणाले. "आज कसल्या सायकली? लाज आहे का काही?"

"हळू बोल."

"हळू कशाला? अख्ख्या गावाला माहीत आहे!"

अख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त ज्यांना कळायला हवं त्या दोघांना नव्हतं. ओस्मोन आणि कानिम. उन्हाळाभर ते दोघं वर कुरणात, घोड्यामेंढ्यांबरोबर, आपल्या युर्तात, लोकरी तंबूत, राहतात. वर फोन लागत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा एलामान या वसंतात रशियात बांधकामावर गेला होता, आणि तिथेच वारला. एकविसाव्या वर्षी. सोमवारी गावात खबर आली. शवपेटी आमच्या या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होती.

आमच्यात मरणाची खबर कुणीही उठून सांगत नाही. पांढऱ्या दाढीवाले जमतात, पहाटे सगळे मिळून जातात, घोडे पावलापावलाने चालवत. बापाच्या दोन्ही बाजूंना दोन धट्टेकट्टे बसतात, आईला बायका धरून बसतात, मग सगळ्यांत वडीलधारा तोंड उघडतो. ऐकवणं म्हणतात त्याला. तोवर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. असलं काही माणसाने एकट्याने ऐकू नये. पण सोमवारपासून रोज सकाळी मी चहा ओतायची आणि वर कानिम एजे लेकासाठी मोजे विणत बसली असेल या विचाराने माझा घास उतरायचा नाही. कानिम मला थोरल्या बहिणीसारखी, म्हणून एजे म्हणते. माझी लेक आयका झाली तेव्हा बाळंतपणात तिनेच माझं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"आजच सांगू या," असं मी मुकाश म्हाताऱ्याला म्हणालेही होते. सगळ्यांत मोठी दाढी त्याचीच. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बुरुल, तुझ्या जिभेला हाड नाही. एक दिवस गप्प बसलीस तर मरशील का?"

"मरायचं ते कुणीतरी मेलंय आधीच," मी म्हणाले. तेव्हापासून तो माझ्या सलामाला उत्तर देत नाही. न देवो.

"मुकाशनेच सांगितलंय सायकली काढ म्हणून," तेमिर म्हणाला. "ओस्मोन रोज सकाळी धारेवर येतो दुर्बीण घेऊन. आपल्या सायकली दिसल्या नाहीत तर खाली उतरेल विचारायला. आणि खाली आला तर काय बघेल? त्याच्याच गावातल्या अंगणात मयताचा तंबू ठोकतायत."

"बरं," मी म्हणाले, "मग नदीच्या वाटेने ने."

"नदीची वाट ओस्मोनच्या गावातल्या दारावरून जाते. पुढे कबरस्तान. पोरं तिथे जागा साफ करतायत. हे पाहुणे फोटो काढत बसतील."

"मग खाणीचा रस्ता."

"खडी आहे सगळी. नवख्याचं पुढचं चाक खडीत रुतलं की संपलं. त्या जर्मनाचा जबडा विसरलीस? दात तूच वेचले होतेस." त्याने नान मोडून चहात बुडवला. "डोंगराच्या खांद्यावरून नेतो. मऊ माती, गाडीवाटेएवढी रुंद, आणि खाली समोर चढ."

डोंगराच्या खांद्यावरची ती वाट खरंच सोन्यासारखी आहे. लहान पोरसुद्धा उतरेल. "पण युर्त?" मी विचारलं.

"युर्त लाल कड्याच्या मागे. तिथून दिसतही नाही."

"सकाळी जाऊन बघून आलास?"

पाहुणे नेण्याआधी वाट स्वतः जाऊन बघायची, हा त्याचाच नियम. दरड येते, झाड पडतं, कुणी गुरं बांधतं. पाच उन्हाळ्यांत त्याने तो कधी मोडला नव्हता. आता तो चहात बघत बसला.

"तेमिर. बघून आलास का?"

"मागच्या आठवड्यात बघितलीय. वाट काय पळून जाते?"

"आज का नाही गेलास?"

"कसा जाऊ!" तो एकदम ओरडला. "ओस्मोन भेटला असता तर? भेटला की पहिलं विचारतो, पोराचा फोन आला का रे. काय सांगू? त्याच्या डोळ्यांत बघून काय सांगू, तू सांग ना!"

तेव्हा मी चिनी मातीची किटली फेकली. रिकामी नव्हती. त्याच्या मांडीवर फुटली, तो बोंबलत उठला आणि माझं मनगट धरून मला भिंतीवर आपटलं. मी त्याच्या हाताला चावले. बाहेरून कासियाने मोडक्या रशियनमध्ये विचारलं, सगळं ठीक आहे ना? "ठीक आहे, ठीक आहे," आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिलं. तेमिरने विजार बदलली आणि आम्ही निघालो. मला त्याचा राग आला होता, पण त्याची भीती मला कळत होती. मीही गेले नसतेच की.

जुन्या निवा गाडीवर सायकली लादून आम्ही खिंडीत पोचलो. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. मी तिघांना सपाट जागेवर फेऱ्या मारायला लावल्या. दोन बोटं ब्रेकवर, पायडल समपातळीत, बूड मागे. "आणि जिथे जायचंय तिथे बघा," मी म्हणाले. "जिथे जायचं नाही तिथे बघू नका. सायकल नजरेमागे जाते."

तोमेक म्हणाला, "माझी तर मुलींमागे जाते," आणि मारेकने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. गोड पोरं. पुढे तेमिर, मग तोमेक, मारेक, कासिया, सगळ्यांत मागे मी, असे आम्ही उतरायला लागलो.

अर्धी वाट फार छान गेली. कासिया मान ताठ करून, ओठ चावत, पण येत होती. मी मागून ओरडत होते, सोड ब्रेक, आता दाब, शाब्बास. मग खांद्याचं वळण आलं. तेमिर वळणाआड गेला आणि त्याच्या ब्रेकची किंचाळी ऐकू आली. तेमिर कधी असा ब्रेक मारत नाही.

मी वळले. खाली, वाट जिथे संपते त्या समोरच्या चढाच्या पायथ्याशी, बरोबर आमच्या तोंडासमोर, ओस्मोनचं युर्त उभं होतं. कड्यामागचं गवत संपलं असणार, म्हणून त्याने बिऱ्हाड इकडे हलवलं. हलवणारच. कुरणातला माणूस गवतामागे हलतो, त्यात नवल काय? नवल आमच्या तेमिरचं, जो बघायला गेला नाही.

तेमिर वाटेच्या मध्ये आडवा उभा राहून दोन्ही हात हलवत होता. थांबा, थांबा! नवख्याला मध्येच थांबायला सांगणं म्हणजे पडायला सांगणं. तोमेक घाबरला, त्याला चुकवून गवतातून गेला, आणि ब्रेक त्याने गच्च दाबायच्या ऐवजी सोडूनच दिले. त्याच्या मागे मारेक. मारेकच्या मागे डोळे मिटलेली कासिया. आणि तिघेही ओरडायला लागले. तोंडाचा आ वासून, ऊर फाटेस्तोवर, तिघे एका सुरात.

"डावीकडे बघा!" मी किंचाळले. "डावीकडे!" कसलं डावीकडे. हिरव्या गवतात ते एकच पांढरं युर्त, माणूस आणखी कुठे बघणार? सायकली सरळ दाराकडे निघाल्या.

आमच्याकडे युर्ताच्या दिशेने कुणी दौडत येत नाही. लांबूनच घोडा चालीवर आणायचा, खोकायचं, कुत्रा धरा म्हणून हाक द्यायची. दौडत येतो तो एक तर लुटायला येतो, नाहीतर मयताला. मयताला येणारे पुरुष घोडे उधळत, आक्रोश करत येतात, अरे माझ्या काळजा रे, अरे माझ्या काळजा! ते दुरून ऐकलं की घरातल्या बाईला कळतं की आपल्या घरात कुणीतरी गेलं. आणि ज्या घरातलं एकच माणूस बाहेर आहे, त्या घरात कोण गेलं हे विचारावं लागत नाही.

कानिम दारात उभी होती. हातात दुधाची बादली. मी एवढ्या लांबून बघितलं की तिने बादली टाकली, दोन्ही हात वर नेले आणि स्वतःच्या गालांत नखं रुतवून खाली ओढली. मग तिचा आवाज आला. "एलामान! एला-मा-न!"

मला अजून तो आवाज ऐकू येतो. भांडी घासताना येतो.

पुढचं सगळं डोळ्यांचं पातं लवायच्या आत झालं. युर्तासमोर शिंगरं बांधायचा लांब दोर जमिनीलगत ताणलेला होता. तोमेकचं पुढचं चाक त्यात अडकलं आणि तो हवेत उडाला. खांद्यावर पडला आणि कडकन आवाज झाला. शिंगरं बिथरली, लाथा झाडायला लागली, एक लाथ त्याच्या हेल्मेटवर बसली. मारेक दाराच्या चौकटीला जाऊन आदळला, त्याचं नाक फुटलं, रक्ताने दाढी भिजली. कासिया गवतात कोलमडली आणि तिच्या अंगावर कुत्रा गेला. ओस्मोनचा कुत्रा लांडगे मारतो. त्याने तिचा दंड धरला आणि झटके द्यायला लागला.

मी सायकल टाकली, हवा भरायचा पंप उपसला आणि कुत्र्याच्या मुस्काटावर घातला. सोडेना. परत घातला, परत घातला, त्याच्या डोळ्यातून रक्त आलं तेव्हा त्याने दंड सोडला. कासिया ओरडतही नव्हती. तिच्या हाताचं मांस बाहेर दिसत होतं. मी माझी ओढणी सोडून गच्च बांधली.

तोवर ओस्मोन घोड्यांतून धावत आला होता. त्याला धड काही कळलं नव्हतं. त्याने काय बघितलं? बायकोचा चेहरा रक्ताने माखलेला, आणि दारात तीन परके. आमच्या भागात त्याच्याइतका चाबूक कुणाचा चालत नाही. त्याने खाली पडलेल्या तोमेकवर पहिला फटका मारला. जाकीट फाटलं. दुसरा मारला. तोमेक मोडक्या खांद्यावर लोळून कळवळला, आईला हाक मारायला लागला. आईची हाक कुठल्याही भाषेत कळते.

"ओस्मोन, नको!" तेमिर मध्ये पडला आणि तिसरा फटका त्याच्या तोंडावर बसला, कानापासून ओठापर्यंत. ओठ चिरला. तरी त्याने ओस्मोनला मिठी घातली आणि दोघे गवतात पडले. दोघे खाणीत एका पाळीला होते, एका ताटात जेवलेले. ओस्मोनने त्याच्या तोंडावर कपाळ आपटलं, दोनदा, आणि तेमिरचा दात तुटून त्याच्याच हनुवटीला चिकटला. मी धावत गेले आणि पंप ओस्मोनच्या पाठीत घातला. तो वळला, मला एका हाताने उचलून फेकलं. माझी कंबर सायकलच्या हँडलवर आपटली आणि मला श्वास घेता येईना.

ओस्मोनने तेमिरच्या गळ्यावर बूट ठेवला. "कोण मेलं?" तो विचारत होता. "बोल! का दौडत आलात? कोण मेलं?"

"कुणी नाही," तेमिर घरघरत म्हणाला.

"मग हे ओरडत का आले? माझ्या दारात मयताचं का ओरडले?"

"नवखे आहेत! थांबता येत नाही त्यांना! घाबरून ओरडले रे, एवढंच."

ओस्मोन त्याच्याकडे बघत राहिला. मग तोमेककडे, मारेककडे. त्याने बूट काढला आणि तो हसायला लागला. आयुष्यात इतकं भयंकर हसू मी ऐकलेलं नाही. "थांबता येत नाही!" तो म्हणाला. "कानिम, ऐकलंस? थांबता येत नाही यांना! अगं वेडे, उगीच गाल फाडून घेतलेस! काही नाही झालं! गाढवं आहेत नुसती, गाढवं!" आणि त्याने मारेकच्या पाठीवर थाप मारली, मारेक दचकून मागे सरला. ओस्मोन स्वतःच्या बाहीने त्याचं नाक पुसायला लागला. "माफ कर भाऊ, माफ कर. मेंढरू कापतो तुमच्यासाठी. आत्ता कापतो."

त्याक्षणी मी अल्लाकडे एवढंच मागत होते की हे असंच राहू दे. उद्या पहाटेपर्यंत राहू दे. उद्या येतील दाढीवाले, त्यांचं ते बघतील.

पण कानिम हसली नव्हती. ती आत गेली आणि नान घेऊन बाहेर आली. सकाळचा, अख्खा. गालांवरून रक्त ओघळून मानेत जात होतं, तिने पुसलंही नव्हतं. ती तेमिरसमोर गुडघ्यांवर बसली आणि नान त्याच्यासमोर धरला.

"हात ठेव," ती म्हणाली.

"एजे, कशाला..."

"हात ठेव आणि म्हण. म्हण, एलामान जिवंत आहे. खोटं असेल तर हा नान माझ्या लेकीला लागो."

"अगं, सोड त्याला," ओस्मोन म्हणाला. "बिचाऱ्याचा दात पाडला मी."

"म्हणू दे त्याला. मग मी मेंढरू शिजवते."

नानाची शपथ आमच्यात कुणी खोटी घेत नाही. चोर घेत नाही, दारुडा घेत नाही. तेमिरने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या डोळ्यांत वाचलं तो काय करणार ते. गावाने सांगितलंय उद्यापर्यंत गप्प बस. उद्यापर्यंत हिला एक रात्र तरी झोप मिळेल. त्याने हात वर उचलला. आयकाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. माझी आयका, बिश्केकला वसतिगृहात असते, थंडीने खोकते. हा माणूस एका मेलेल्या पोरासाठी माझ्या जित्या पोरीला पणाला लावायला निघाला होता, आणि तेही दयेपोटी! 

मी झेप घेतली आणि त्याच्या हातावर एवढ्या जोरात मारलं की नान उडाला. गवतात पडला. शेणात पडला म्हणायला हवं, घोड्यांची लीद होती तिथे.

नान जमिनीवर पाडला म्हणून मला कुणी शिव्याही दिल्या नाहीत. ओस्मोन तोंड उघडं टाकून बघत होता, त्याला समजायला वेळ लागत होता. कानिमला लागला नाही. तिने नान उचलला, झग्याच्या टोकाने पुसला, कपाळाला लावला आणि युर्ताच्या छताच्या दोरात उंच खोचून ठेवला. मग ओस्मोनच्या हातातला चाबूक काढून घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काल तू मला साखर पाठवलीस," ती म्हणाली.

"हो एजे."

"तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तिने मारला. खांद्यावर बसला. मी हात वर केला नाही.

"परवा निरोप पाठवलास, ताक पाठव म्हणून. तेव्हा?"

"हो."

परत मारला. "कधीपासून?"

"सोमवारपासून."

त्यानंतर तिने किती मारले मला माहीत नाही. ती मारत होती आणि ओरडत होती, "मी मोजे विणत होते! तुम्ही सगळे जेवत होतात, झोपत होतात, आणि मी इथे मोजे विणत होते!" तेमिर मला सोडवायला उठला तर मी त्यालाच लाथ मारून मागे ढकललं. मार, म्हटलं, मार एजे. मुकाशला मारता येणार नाही तुला, मला मार. माझं अंग फाटत होतं, आणि खरं सांगते, सोमवारपासून पहिल्यांदाच मला जरा बरं वाटत होतं.

ओस्मोन खाली बसला होता. तोमेकच्या सायकलीने विस्कटलेला शिंगरांचा दोर हातात घेऊन त्याची एक गाठ बांधत होता. बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा. मारेक भावाचं डोकं मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल आम्ही सगळे वेडे आहोत. कासिया मात्र एक हात छातीशी धरून उठली, कानिमजवळ आली आणि नुसती उभी राहिली. तिला काय कळलं कोण जाणे.

कानिमचा हात थांबला. चाबूक खाली पडला. ती माझ्यासमोर बसली, माझी फाटलेली बाही नीट करायला लागली, लहान पोराची करावी तशी.

"कसा?" तिने विचारलं.

पांढऱ्या दाढीवाल्यांचे शब्द ठरलेले असतात, पिढ्यान्‌पिढ्यांचे. जन्माला आलेला जाणारच, असं सुरू करून ते हळूहळू तिथवर आणतात. मला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"पडला, एजे. बांधकामावरून. अकराव्या मजल्यावरून."

"अकराव्या," ती म्हणाली. खाली आमच्या गावात शाळा तेवढी दुमजली आहे. ती वर बघायला लागली, धारेकडे, जणू अंदाज घेत होती की अकरा मजले म्हणजे कुठवर. "पण तो तर जाऊन दोनच महिने झाले ना गं. शिडीवर चढायला घाबरायचा तो. गवताची गंजी रचायची तर वर मी चढायची, तो खालून पेंढ्या द्यायचा. एवढा मोठा झाला तरी."

"हो एजे."

"नवा होता तिथे." तिने माझे दोन्ही हात धरले. तिची बोटं तिच्याच रक्ताने चिकट झाली होती. "नव्या माणसाला इतक्या वर कुणी चढवलं, बुरुल? आधी खालचं काम द्यायचं असतं ना? तिथे कुणीच नव्हतं का बघणारं?"

खरं तर मला सगळं माहीत होतं. खबर आणणाऱ्याने सांगितलं होतं की वरच्या कामाला कुणी तयार नव्हतं, म्हणून मुकादमाने नव्याला चढवलं. ते मी तिला सांगितलं नाही. नव्हतं गं, म्हणाले, कुणीच नव्हतं, आणि तिला जवळ ओढून मी मोठ्याने रडायला लागले.